वॉरफरिनची गोळी परस्पर बंद करू नका

म्हापशापासून काणकोणापर्यंतच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनने डायबिटीस इन्सिपिडस होतो, हे संशोधनाने सिद्ध झालंय. लघवी वाढली की गोळी बंद करा, त्याऐवजी लसूण खा.'

'सिद्ध झालंय'? नाही. असे दावे बहुतेक वेळा दुष्परिणामांच्या नोंदींवरून उचललेले असतात. गोळी चालू असताना जे काही झालं ते रुग्णसुद्धा कळवू शकतो. गोळी किती जणांनी घेतली, त्यांतल्या कितींना त्रास झाला, हे त्या नोंदींतून कळतच नाही. तिथून तपास सुरू होतो, निवाडा होत नाही.

'लघवी वाढली म्हणजे हाच रोग' हे तर फारच घातक. हा साखरेचा मधुमेह नव्हे. या रोगात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरीतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी सुटतं, किंवा मूत्रपिंडं त्याला दाद देत नाहीत. मग दिवसाला 3 लिटरहून जास्त, पाण्यासारखी लघवी होते. वॉरफरिनचं काम यकृतात, रक्त गोठायला लागणाऱ्या के जीवनसत्त्वाची वाट अडवण्याचं. घरातला औषधांचा डबा उघडा: हृदयाच्या रुग्णाच्या डब्यात वॉरफरिनशेजारी बऱ्याचदा फ्युरोसेमाइड असते, म्हणजे लघवीचीच गोळी! आणि साखर? 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात निघालं, 26.4 टक्के. संशय आधी तिथे घ्या.

एक धागा मात्र खरा आहे, तो लपवणार नाही. पिट्युइटरीत गाठ असेल तर रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असताना तिच्यात रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित त्यातून हा रोगही. पण तेव्हा अचानक असह्य डोकं दुखतं, उलट्या होतात, नजर अंधुक होते. असं झालं तर वेळ न घालवता बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात न्या.

राहिला लसूण. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाने गोळी सोडली तर झडपेवर गुठळी धरू शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. लसणाने ते टळत नाही, आणि वॉरफरिनबरोबर लसणाच्या कॅप्सूल घेतल्या तर उलट रक्तस्रावाची भीती. के जीवनसत्त्व असतं म्हणून तांबडी भाजीही सोडायला नको, फक्त रोजचं प्रमाण सारखं ठेवा. तहान आणि लघवी खरंच वाढली असेल तर 24 तासांची लघवी मोजा, रक्तातली साखर आणि सोडियम तपासून घ्या, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी चालू ठेवा.