स्टूल मागितलं, वृक्षासन मिळालं

आज सकाळी सव्वादहा वाजता मी आमच्या कपड्यांच्या दुकानात, लेडीज एथनिकच्या मधोमध, कुर्त्यांच्या दोन रॅकच्या मध्ये, एका पायावर उभी होते. दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवलेला, हात डोक्यावर जोडलेले, नजर समोरच्या पुतळ्यावर. त्या पुतळ्याला निदान मागून लोखंडी दांडी असते.

याला म्हणे एम्प्लॉयी एंगेजमेंट, म्हणजे कर्मचाऱ्यांचं मन कामात रमवणं.

नीट सांगते, नाहीतर बीपी फक्त माझंच वाढायचं. काल रात्री स्टॉक टेक होतं. सिस्टीमला 412 कुर्ते, फ्लोअरवर 409. तीन सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. सापडले कुठे, तर ट्रायल रूमच्या बाहेरच्या त्या टोपलीत, जिथे मी साडेदहापासून ‘बघा, बघा’ म्हणत होते. मग बाराच्या आसपासची गाडी. कल्याणला घरी पोहोचून भात गरम करून बसले तेव्हा दीड वाजला होता. पहिला घास तोंडात आणि ग्रुपवर मेसेज: ‘उद्या 9.30 शार्प. वेलनेस सेशन. अटेंडन्स कंपल्सरी. कम विथ अ स्माइल!’ पुढे तीन फुगे. आणि मिनिटभराने दुसरा मेसेज, फुग्यांशिवाय: ‘पंच शिफ्ट टाइमलाच करायचा आहे.’

हा दुसरा मेसेज परत वाचा. मी तो डोंबिवली ते ठाणे वाचत होते.

माझी शिफ्ट साडेदहाची. म्हणजे साडेनऊ ते साडेदहा मी तिथे असलंच पाहिजे, पण हजेरीच्या हिशेबाने मी तिथे नाहीये. असलं वेदान्तात चालतं, पगारपत्रकात कसं चालतं? दुकाने आणि आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात जादा कामाला दुप्पट दर लिहिलाय, हे स्टोअर मॅनेजरला पाठ आहे. पण हे काम थोडंच आहे! हा आनंद आहे. आनंदाला ओव्हरटाइम बसत नाही.

तर साडेनऊला आम्ही 44 जण हजर. काहींच्या डोळ्यांत स्टॉक टेकचे बारकोड तसेच. एचआर मॅडम आल्या दहा वाजून दहा मिनिटांनी. साकीनाक्याला कॅब अडकली म्हणे. अहो, तुमचं हेड ऑफिस अंधेरीला, आमचं दुकान घाटकोपरला. मधे 2014 पासून मेट्रो धावतेय. वर्सोव्याला बसलेला माणूस 21 मिनिटांत घाटकोपरला उतरतो, अंधेरीहून तर त्याच्याही आधी. पण मेट्रोत उभं राहावं लागतं ना.

‘सो गाईज, आपण दिवसभर उभे असतो, तर आज आपण पायांसाठी काहीतरी करू या.’ ‘आपण’! पायांसाठी काहीतरी म्हणजे वृक्षासन. नऊ तास दोन पायांवर उभं राहणाऱ्या माणसांना आरामासाठी एका पायावर उभं करायचं, हे ज्या डोक्यातून निघालं त्या डोक्याला मी जवळून बघितलं. मनात काही वाईट नव्हतं त्या पोरीच्या. उलट तीच खरी पंचाईत आहे. वाईट असती तर भांडता आलं असतं.

आमच्यामधून हाऊसकीपिंगच्या मावशी पोछा मारत होत्या. दारातले सिक्युरिटीचे काका बघत होते. त्यांना सेशनला बोलावलं नव्हतं, कारण ते थर्ड पार्टीचे. काका 12 तास उभे असतात, पण त्यांचा आनंद त्यांच्या एजन्सीने बघायचा.

आणि मग साडेदहा वाजले. दहा पस्तीसनंतर लेट मार्क, तीन लेट मार्कांना अर्धा दिवस कट. डोळे मिटून एका पायावर उभी असलेली 44 झाडं एकदम दोन पायांवर आली आणि बेसमेंटच्या पंचिंग मशीनकडे धावत सुटली. कस्टमर लिफ्ट आम्हाला बंद, म्हणून जिन्याने. मागून आवाज येतोय, ‘गाईज, फोकस! ब्रीदिंग!’ मी धावतानाच ब्रीदिंग करत होते. परत वर आलो तर मॅडमनी स्टोअर मॅनेजरला हळूच सांगितलं, ‘एनर्जी थोडी लो आहे इथे.’

आता हे वृक्षासन आलं कुठून, तर माझ्यामुळेच आलं. हसू नका.

गेल्या महिन्यात सर्व्हे झाला. ‘पूर्णपणे अनामिक, मोकळेपणाने लिहा.’ ॲप उघडलं तर आधी विचारलं: डिपार्टमेंट? लेडीज एथनिक. हुद्दा? डिपार्टमेंट मॅनेजर. स्त्री की पुरुष? स्त्री. या स्टोअरमध्ये किती वर्षं? सहा. बाई गं, या वर्णनाची घाटकोपरात एकच बाई आहे आणि ती मी आहे. नाव तेवढं विचारलं नाही, ते अनामिक.

मग प्रश्न. ‘कामाच्या ठिकाणी तुमचा जिवलग मित्र आहे का?’ हा गॅलप नावाच्या अमेरिकी कंपनीच्या 12 प्रश्नांमधला प्रसिद्ध प्रश्न. मला हे बाराच्या बारा एकेकाळी पाठ होते, का ते पुढे सांगते, लाज वाटतेय. तर जिवलग मैत्रीण. होती. टिलवर, म्हणजे बिलिंग काउंटरवर होती. तिची बदली तुम्हीच वाशीला केलीत, ‘मॅनपॉवर बॅलन्सिंग’मध्ये. आता ती तिकडे जिवलग शोधत असेल.

मग ते 0 ते 10. या कंपनीत नोकरी करा असं मित्राला सांगाल का? आमच्या पोरांनी भीतभीत सात दिले. सात म्हणजे त्यांच्या हिशेबात फर्स्ट क्लासच्या वर. पण या मोजणीत नऊ आणि दहा तेवढे तुमचे, सात-आठ कोणाचेच नाहीत, आणि सहापासून खाली सगळे विरोधक. मेन्सवेअरच्या एका पोराने सहा दिले होते, ‘पास तरी करू या’ म्हणून. बिचाऱ्याला कळलंही नाही की तो विरोधी पक्षात गेलाय. नाहीतरी तो जाणारच आहे, सहा महिन्यांत डिलिव्हरीच्या बाईकवर, आधीच्या चौघांसारखा. बाईकवर निदान बसायला मिळतं.

शेवटी एक रिकामी चौकट: ‘तुम्हाला आणखी आनंदी करण्यासाठी आम्ही काय करू शकतो?’

मी लिहिलं, ‘एक स्टूल द्या.’

बस. तीन शब्द. ‘जर्नी’ नाही, ‘व्हॅल्यूज’ नाही. फ्लोअर रिकामा असतो तेव्हा, मंगळवारी दुपारी दोन ते चार इथे चिमणी फिरकत नाही तेव्हा, टेकायला डिपार्टमेंटला एक स्टूल.

चार दिवसांनी हेड ऑफिसचा फोन. ‘तुमचा फीडबॅक थोडा निगेटिव्ह टोनमध्ये होता, म्हणून कनेक्ट केलं.’ अनामिक फीडबॅकवर, माझ्या मोबाइलवर, माझ्या वीक ऑफला. मी कपडे वाळत घालत होते. म्हटलं, मॅडम, स्टूल निगेटिव्ह कसं? तर स्टूल म्हणे ब्रँडच्या व्हीएम गाइडलाइनमध्ये, म्हणजे दुकानाच्या मांडणीच्या नियमांत, बसत नाही. बसलेला स्टाफ दिसला की कस्टमरला लेझी वाटतो.

इथे माझं डोकं फिरलं. दादरच्या जुन्या साड्यांच्या दुकानांत कधी गेलात की नाही? पांढरी गादी, समोर गिऱ्हाईक मांडी घालून, विकणाराही मांडी घालून, आणि पैठणी अशी उलगडतो की पदर तुमच्या गुडघ्यावर येऊन पडतो. पन्नास साड्या पाडतो, बसून. कोणाची आई म्हणाली का आजवर, की काय बाई आळशी माणूस, बसून विकतोय? आईला तिथून उठवायला बाबांना घड्याळ दाखवावं लागायचं. गादी गेली, ग्लास शोरूम आली आणि विकणाऱ्याला खांबासारखं उभं केलं. ट्रायल रूममध्ये मात्र स्टूल आहे. कस्टमरच्या पर्ससाठी. पर्स बसते, मी उभी.

मी मॅडमना केरळचं सांगितलं. कोळिकोडच्या मिठाई तेरूवरच्या कापडदुकानांतल्या बायका वर्षानुवर्षं याच एका गोष्टीसाठी भांडल्या, बसायला मिळावं म्हणून. 2018 मध्ये तिथे कायदाच बदलावा लागला. 2021 मध्ये तामिळनाडूने तेच केलं. मॅडम म्हणाल्या, ‘इंटरेस्टिंग. पण आपण महाराष्ट्रात आहोत ना.’ हो मॅडम. आमचे गुडघे मराठी आहेत.

पण फीडबॅकवर ॲक्शन तर घ्यावीच लागते, त्यांचाही केआरए, म्हणजे कामाचं टार्गेट असतं. तक्रार पायांची, म्हणून पायांसाठी सेशन. आहे की नाही सरळ हिशेब?

आता विषय निघालाच आहे तर. दिवाळीचं गिफ्ट म्हणून व्हाउचर दिलंत, फक्त फुल प्राइस मालावर चालणारं, आणि दिवाळीत दुकानात फुल प्राइस माल होता कुठे? एम्प्लॉयी ऑफ द मंथचा माझा फोटो स्टाफ टॉयलेटच्या दारावर लावलात, अजून तिथेच आहे, रोज स्वतःला नमस्कार करून आत जाते. दसरा ते भाऊबीज सुट्ट्या ब्लॉक. सहा वर्षांत भावाला एकदाही त्या दिवशी ओवाळलं नाही. तो आता सोमवारी भाऊबीज धरतो, माझ्या ऑफच्या दिवशी, आणि तो ऑफही आदल्या रात्री ग्रुपवर हलतो. रोस्टर शनिवारी रात्री 11 ला येतं. पीएफचा 12 टक्के कट मात्र कधी उशिरा आला नाही. आणि आम्हाला ‘फॅमिली’ म्हणता, मग रात्री निघताना पर्स उलटी करून बघता. माझी सासूसुद्धा बघत नाही, आणि तिला बघायचं असतं.

(फुग्यांबद्दल मी वेगळं लिहीन. फुगा फुगवणारा माणूस आणि फुगा फोडणारा माणूस, दोघेही मला आयुष्यात नकोत.)

बरं. आता ती लाजेची गोष्ट.

मी एचआरचा डिप्लोमा केलाय. संध्याकाळचे वर्ग, दादरला, लग्नाआधी. एंगेजमेंटवर लांबलचक प्रश्न आला होता आणि मी चार पानं लिहिली होती, आकृतीसकट. विल्यम कान नावाच्या प्राध्यापकाने 1990 मध्ये ही कल्पना मांडली, त्यासाठी त्याने एका उन्हाळी शिबिरातले ताई-दादा आणि एक आर्किटेक्टचं ऑफिस अभ्यासलं, हे सगळं मला अजून येतं. कामात मन लागायला तीन गोष्टी लागतात, म्हणाला तो: कामाला अर्थ वाटला पाहिजे, बोलायची भीती वाटता कामा नये आणि अंगात जीव उरलेला असला पाहिजे. तिसरी परत वाचा. तो बिचारा स्टूलच मागत होता. आमच्या कंपनीने त्याच्या अभ्यासातलं फक्त उन्हाळी शिबिर उचललं.

आणि त्या चौथ्या पानावर मी काय लिहिलं होतं माहितीये? ‘कर्मचाऱ्यांचे मनोबल वाढवण्यासाठी संस्थेने खेळ, सजावट व छोटे उत्सव आयोजित करावेत.’ सजावट! म्हणजे फुगे मीच आणले या जगात. पुढे याच कंपनीत एचआरसाठी मुलाखत दिली होती आणि ‘आय ॲम अ पीपल पर्सन’ असं म्हणाले होते. त्यांनी घेतलं नाही. फ्लोअरवर पाठवलं, पीपल बघायला. घेतलं असतं तर आज साकीनाक्याला कॅबमध्ये मीच अडकले असते, मांडीवर योगा मॅट घेऊन.

हे लिहायला नको होतं. राग अर्धा झाला.

तर आज वृक्षासनानंतर मॅडमनी घोषणा केली की ज्यांनी सर्व्हेत ‘सर्वात जास्त मनापासून’ लिहिलं, त्यांना या स्टोअरचं एंगेजमेंट चॅम्पियन करण्यात येत आहे. टाळ्या. माझ्या छातीवर बॅज. इन्सेंटिव्ह नाही, पण पुढच्या महिन्याची ॲक्टिव्हिटी मी ठरवायची, बजेट मी मागायचं, केकही मीच सांगायचा, अर्धा एगलेस.

मी तिथल्या तिथे डोकं चालवलं. लंचमध्ये, बेसमेंटच्या जिन्यावर बसून (हो, बसून, पायरी व्हीएममध्ये येत नाही) मेल टाकला: पुढच्या महिन्याची ॲक्टिव्हिटी, संगीत खुर्ची. 44 जण, म्हणजे 43 खुर्च्या. एकदा आल्या की नंतर स्टॉकरूमला राहतील, हे लिहिलं नाही.

संध्याकाळी चहाच्या वेळेला उत्तर आलं. ‘लव्हली आयडिया! लव्ह युअर एनर्जी! खुर्च्यांचं बजेट नाहीये, सो तेच आपण पेपर डान्स करू या?’

पेपर डान्स माहितीये ना? जोडीने वर्तमानपत्रावर नाचायचं, गाणं थांबलं की पेपर दुमडायचा, मग आणखी दुमडायचा, शेवटी एवढासा उरतो की एकाच पायावर उभं राहावं लागतं.

जुने पेपर कोणाकडे असतील तर ठेवा बाजूला. 22 जोड्या आहेत.