इंजिन नवंकोरं, गाडी ढिम्म

जुन्या व्हॅनचं इंजिन काम करून घेतलं की माणसाला वाटतं, चला, सुटलो. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवं बेअरिंग, हेड घासून आणलेलं आणि वर मेकॅनिकने हौसेने ब्लॉकला चंदेरी रंगसुद्धा फासलेला. एवढा थाटमाट करून चावी फिरवली तर गाडी म्हणते खर्र... खर्र... खट्. संपलं.

जुनं इंजिन धूर काढायचं, ऑइल प्यायचं, सगळं मान्य, पण सुरू व्हायचं ना! आणि त्याची दुखणी ठरलेली होती. आता सगळंच उघडून परत लावलंय म्हटल्यावर प्रत्येक नट, प्रत्येक वायर, प्रत्येक पाइप संशयित, आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कुणालाच माहीत नाही.

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली. म्हणजे आधी सीट काढून बाहेर ठेवायची, मग त्या खड्ड्यात डोकं घालायचं. सीट बाहेर ठेवली रे ठेवली की शेजारचे काका तिच्यावर जे बसले ते उठलेच नाहीत, आणि तिथूनच निदान, "पेट्रोल येत नसणार." आलेल्या दुसऱ्याचं म्हणणं बॅटरी गेली, तिसरा म्हणतो कॉइल बदल, आणि एक जण काहीही न बघता "धक्का मारू या का?" एवढंच परत परत विचारत होता. हा माणूस प्रत्येक बंद गाडीपाशी असतोच, त्याचा गाडीशी संबंध नसतो, त्याला फक्त धक्का मारायचा असतो.

मेकॅनिक आपला शांत. मल्टीमीटर लावला, बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. तरी स्टार्टर रडतोय. मला म्हणाला साहेब चोक ओढून धरा आणि सेल्फ मारा, मी मारला आणि हात झटकन मागे घेतला कारण चोकची केबल चक्क तापली होती, जराशी धूर काढायच्या बेतात. चोकची केबल! थंड इंजिनासाठी कार्बोरेटरची झडप ओढायची साधी तार, जिच्यात करंटचा काही संबंधच नाही! मेकॅनिकने मात्र "अस्सं होय" केलं, आणि वाकून इंजिन ते बॉडी जाणारी अर्थिंगची पट्टी काढून दाखवली. तिच्या खाली तोच चंदेरी रंग. रंगातून करंट जात नाही, स्टार्टरला तर शंभराच्या वर ॲम्पियर लागतात, मग तो बिचारा करंट परतीची वाट शोधत चोकच्या केबलमधून जायला लागला. पॉलिश पेपरने रंग खरवडला, पट्टी परत आवळली, आणि स्टार्टर असा गरगर फिरला की काकांनी सीटवर बसूनच टाळ्या वाजवल्या.

पण गाडी सुरू? छे. आता ती शिंकायला लागली. सेल्फ मारला की कार्बोरेटरमधून फटाक्! आणि अधूनमधून सायलेन्सरमधून ढुम्म! धक्केवाला चार पावलं मागे सरकला, तेवढीच शांतता.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, प्लग काढून बघितले तर ओले. मग राहिलं काय, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ. मेकॅनिक म्हणाला खूण बघून बसवलंय, आणि खरंच पिस्टन पूर्ण वर आल्याचं सांगणारी पुलीवरची खूण बरोबर इंजिनावरच्या खुणेसमोर होती. गंमत इथेच आहे. फोर स्ट्रोक इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कम्प्रेशनला, म्हणजे पेट्रोल-हवा दाबायला, आणि एकदा जळका धूर बाहेर ढकलायला, पण पुलीवरची खूण दोन्ही वेळा तीच दिसते. यातला नेमका कुठला फेरा चाललाय हे खूण सांगत नाही.

मग त्याने पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात कागदाचा बोळा बसवला, पाना लावून इंजिन हाताने फिरवत गेला. पहिल्यांदा खूण आली, बोळा जागचा हलला नाही. आणखी एक फेरा, आणि खुणेच्या जरा आधी बोळा टप्पकन उडून काकांच्या मांडीवर. हेच कम्प्रेशन! लगेच डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं, झाकण काढलं तर आतला फिरता रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघायचं सोडून बरोबर उलटा, चार नंबरकडे तोंड करून उभा. म्हणजे ठिणगी पडत होती ती धूर बाहेर जाताना, जेव्हा पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो. फटाक् नाही होणार तर काय होणार!

"होतं साहेब असं कधीकधी," मेकॅनिक म्हणाला. बसवलं त्यानेच होतं, पण सांगण्याचा सूर असा की जणू ग्रहमान. डिस्ट्रिब्युटर परत काढायचा कंटाळा म्हणून त्याने झाकणावरच्या वायरीच अदलाबदल केल्या, एकची चारला, दोनची तीनला. पुढच्या मेकॅनिकचं डोकं फिरणार हे नक्की, पण ते पुढचं पुढे. चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू! हाताचं सायलेन्सरच्या पाइपला लागलेलं ऑइल जळून एवढा धूर झाला की काही दिसेना, तरी "मी म्हणालोच होतो" हे मात्र सगळ्या बाजूंनी स्पष्ट ऐकू आलं.

मी मेकॅनिकला विचारलं, झालं ना आता? तो म्हणाला, झालं की. आता नीट गरम होऊ द्या, मग बंद करा, पूर्ण थंड झाली की हेडचे बोल्ट परत आवळायचे आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघायचे.

काका सीटवरून उठत होते, हे ऐकून परत बसले.