कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पीठ नव्हे!

आज सकाळी एका ताईंनी सुपाचा फोटो टाकला. वर पिवळट पाणी, तळाला रवाळ साका. खाली लिहिलं होतं, ‘माझाच हात बिघडला.’ तेव्हापासून डोकं फिरलंय.

ताई, तुमचा हात बिघडलेला नाही. कृती ब्रिटिश होती, तिच्यात कॉर्नफ्लोअर होतं आणि मराठीत आणणाऱ्याने खुशाल ‘मक्याचं पीठ’ लिहून टाकलं. शब्दाला शब्द लावला तर बरोबरच आहे, मान्य. पण सूप शब्दांनी दाट होत नाही! ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा निव्वळ पांढरा स्टार्च. अमेरिकेत त्यालाच कॉर्नस्टार्च म्हणतात. तिथे कॉर्न फ्लोअर म्हटलं की खरंच मक्याचं बारीक दळलेलं पीठ, लुईझियानात मासे तळताना लावतात ते.

पिठात प्रथिनं असतात, तेलाचा अंश असतो, कोंडाही असतो. म्हणून ताईंनी मापात घालूनही दाटपणा आला नाही, कणी तेवढी लागली. स्टार्च कपभर सुपाला एक टेबलस्पून पुरतो. तो दोन टेबलस्पून गार पाण्यात कालवा, उकळत्या सुपात ढवळत ओता, मिनिटभर उकळू द्या. गरम पाण्यात कालवलात की गुठळ्या झाल्याच. लिंबू किंवा व्हिनेगर गॅस बंद केल्यावर घाला. आंबटात फार उकळलं की सूप परत पातळ होतं.

टेबलस्पूनही सगळीकडे एक नाही. ब्रिटन-अमेरिकेत १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. अमेरिकन कृतीतलं कोरिअँडर म्हणजे बहुधा धने, कोथिंबिरीला तिथे सिलँट्रो म्हणतात. तिथे धन्यांच्या जागी मूठभर कोथिंबीर पडली तर मसाल्याची चव येणार कुठून?

कृती मराठीत आणणाऱ्यांनो, ती कुठल्या देशाची आहे एवढं तरी वर लिहा हो. एक ओळ लागते. लोक दूध, लोणी, अंडी विकत आणून करतात आणि फसलं की स्वतःला बोल लावतात, याचं फार वाईट वाटतं.

क्रीमने तर कितीजणी रडकुंडीला येतात. ब्रिटिश डबल क्रीममध्ये साधारण ४८ टक्के फॅट, अमेरिकन हेवी क्रीममध्ये किमान ३६, आणि आपल्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५. फेटून फुलायला ३० तरी लागतं. केकवर लावायचं असेल तर व्हिपिंग क्रीमच मागा, पाकिटावर फॅटचा आकडा बघा, आणि फेटण्याआधी क्रीम, भांडं, बीटर सगळं फ्रिजमध्ये थंडगार करून घ्या.