गाडी मिस मारतेय म्हणून लगेच पंप उतरवू नका

सोलापुरातल्या ट्रकमालकांच्या आणि ड्रायव्हरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय. जुन्या डिझेल ट्रकचं इंजिन स्लोवर (पॅडल न दाबता नुसतं चालू असताना) थरथरत असेल आणि रेस दिल्यावर अडखळत असेल, थोडक्यात मिस मारत असेल, तर काय करायचं ते त्यात ठासून सांगितलंय. पंप (इंजिनला मोजून डिझेल देणारा इंजेक्शन पंप) गेलाय, उतरवा आणि कॅलिब्रेशन करा, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घ्या. डिझेलच्या लाइनमधून (नळीतून) काही गळत नसेल तर लाइनकडे बघत बसू नका. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल सगळे एकदम बदला. तोवर टाकीत रॉकेल आणि टू-टी ऑइल घाला, स्लो वाढवून ठेवा. हे सगळं डिझेलमध्ये इथेनॉल मिसळल्यामुळे होतंय. आणि शेवटी, जुनी गाडी आहे, थरथरणारच.

एकच गाडी, तीही हप्त्यावर, मार्केट यार्डातून कांदा भरायचा किंवा हंगामात ऊस ओढायचा, अशा माणसाला पंप-नोजलचं काम म्हणजे मोठा खड्डा असतो. तो पडल्यावरही गाडी तशीच थरथरत राहिली, तर तो माणूस पुढचा खर्च कुठून करणार? म्हणून या संदेशातला एकेक मुद्दा घेतो. मी बोलतोय ते साध्या मेकॅनिकल इनलाइन पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरसाठी एका ओळीत वेगळा प्लंजर असलेल्या) जुन्या सहा सिलिंडर टाटा-लेलँडबद्दल. कॉमन रेलच्या (नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) गाड्यांचा विषय वेगळा आहे, त्याबद्दल पुढे एक इशारा दिलाय.

पहिला मुद्दा, पंप गेला. स्लोवर थरथरणं आणि लोडवर अडखळणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र आल्या तरी वेगवेगळ्या तपासायच्या असतात. स्लोवर गाडी एकसारखी चालते, पण तुळजापूरचा घाट चढताना दम तोडते, असं असेल तर आधी डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि अॅक्सिलरेटरचं लिंकेज (पॅडलपासून पंपापर्यंतची जोडणी) बघायचं. चोक झालेला फिल्टर स्लोपुरतं डिझेल सोडतो, जास्त मागितलं की कमी पडतो. उलट स्लोवर ठेक्यात एक ठोका चुकतोय आणि रेस वाढवली की थरथर विरते, असं असेल तर एखादा सिलिंडर नीट काम करत नाहीये. आणि रेस आपोआप वरखाली होत राहते, हंटिंग करते, तर बहुधा डिझेलमध्ये हवा आहे किंवा गव्हर्नरचा (पंपातल्या रेस आवरणाऱ्या भागाचा) घोळ आहे. या तिन्ही गाड्यांना ‘पंप गेला’ हे एकच उत्तर देणं म्हणजे न तपासता औषध लिहून देणं.

लिंकेजचं तर हसत हसत निघणारं काम आहे. एकाने केबिनमध्ये बसून पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून पंपाचा लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतोय का ते बघायचं. जुन्या गाडीत बॉल जॉइंट झिजतात, क्लिप निसटते, पॅडलखाली मॅट अडकतं. लिव्हर बोटभर आधीच थांबत असेल, तर पंपात काहीही केलं तरी पिकअप येणार नाही.

पंप आधी उतरवू नये याचं आणखी एक कारण आहे. पंप परत बसवताना कपलिंगच्या खुणा चुकल्या की टायमिंग बिघडतं. मग गाडी सकाळी पांढरा धूर सोडते किंवा खडखड ठोकते. मूळ दोष तसाच राहतो आणि त्यावर नवा चढतो. पंप कधीच दोषी नसतो असं नाही. पंपातले एलिमेंट (प्लंजर आणि त्याचं बॅरल) झिजले की इंजिन गरम असताना स्टार्टला त्रास होतो, प्रत्येक सिलिंडरला डिझेल कमीजास्त जातं. पण ते टेस्ट बेंचवर मोजून दिसतं. पंपाच्या दुकानात प्रत्येक लाइनला किती सीसी डिझेल आलं याचे आकडे कागदावर लिहून मागा, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे. चांगला पंपवाला ते आनंदाने देतो.

आता ज्या मुद्द्याने सर्वात जास्त नुकसान होतं तो: गळत नाही म्हणजे लाइन ठीक. हे साफ चूक आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत (मोठ्या पंपाला डिझेल पुरवणाऱ्या छोट्या पंपापर्यंत) डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. त्या भागात लाइनमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट पडली की इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लाइन वरून कोरडी ठणठणीत दिसते आणि आत बुडबुडे चालू असतात. गळती दिसते ती फीड पंपाच्या पुढे, जिथे साधारण १ ते १.५ बार दाब असतो. म्हणजे ज्या भागात हवा शिरते नेमका तोच भाग ‘गळत नाही’ म्हणून हा संदेश सोडून द्यायला सांगतो.

तपासणी सोपी आहे. फीड पंपाच्या आधी होजचा वीतभर तुकडा काढून तिथे डिझेलला टिकणारी पारदर्शक नळी क्लिपने घट्ट बसवा. हँड प्रायमरने (हाताने दाबायच्या छोट्या पंपाने) लाइनमधली एअर काढा, इंजिन चालू करा आणि नळीकडे बघत राहा. सुरुवातीला दोन-चार मोठे बुडबुडे जातील, ते सोडून द्या. नंतरही मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग येत राहिले, किंवा रेस दिल्यावर डिझेल फेसाळ दिसलं, तर हवा मागूनच येतेय.

कुठून येतेय ते शोधायला एक स्वच्छ कॅन घ्या, त्यात पाचेक लिटर डिझेल भरा, फीड पंपापेक्षा उंचावर नीट बांधून ठेवा आणि नव्या होजने थेट फीड पंपाला जोडा. आता इंजिन एकसारखं चाललं तर दोष टाकी ते फीड पंप या टप्प्यात आहे. मग बेंजो बोल्टची (लाइन जोडणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वॉशर बदला, जुनी परत वापरू नका. रबरी होज वाकवून बघा. सोलापूरच्या मे महिन्यात चाळीसच्या वरच्या उन्हात आणि इंजिनच्या गरमाईत रबर कडक होतं, वाकवलं की बारीक भेगा उघडतात. वॉटर सेपरेटरचं सील बघा. फीड पंपाच्या जाळीचा कप बघा. टाकीतला सक्शन पाइपही विसरू नका. त्याला वरच्या बाजूला गंजून छिद्र पडलेलं असेल तर टाकी भरलेली असताना गाडी उत्तम चालते आणि टाकी अर्ध्याखाली गेली की मिस मारायला लागते. ड्रायव्हर सांगत असतो, ‘मालक, डिझेल कमी झालं की गाडी नाटकं करते,’ आणि कुणी मनावर घेत नाही. त्याचं ऐकत जा. गाडीबरोबर रात्रंदिवस तोच असतो.

टाकीच्या झाकणाचंही तेच. झाकणाच्या श्वासाचं छिद्र धुळीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते. गाडी पुणे रोडने मोहोळपर्यंत छान जाते आणि मग हळूहळू मरगळते. थांबून झाकण उघडलं, ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी पुन्हा धावली, तर दोष सापडला. छिद्र साफ करायला पैसा लागत नाही.

सगळे नोजल एकदम बदला, हा तिसरा सल्ला. सहापैकी एक खराब असताना सहाचे पैसे का द्यायचे? इंजिन गरम करून स्लोवर ठेवा. एका सिलिंडरच्या नोजल पाइपचा नट अर्धा ते एक फेरा सैल करा. त्या सिलिंडरला डिझेल जाणं बंद होतं. रेस पडली आणि थरथर वाढली, तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच मेलेला आहे. नट घट्ट करा, पुढचा घ्या. मेलेला सापडला की इंजिन बंद करून त्याचा नोजल शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या नोजलशी अदलाबदल करा, खालची वॉशर नवी टाका आणि तीच तपासणी पुन्हा करा. दोष नोजलबरोबर शेजारी गेला तर नोजल खराब. जागेवरच राहिला तर टॅपेट, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन किंवा पंपाचा तो एलिमेंट. तिथे नवा नोजल टाकून काही होणार नाही.

हे करताना डोळ्यांवर चष्मा, नटभोवती फडकं, आणि तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल उडू द्यायचं नाही. आता तो इशारा: कॉमन रेलच्या इंजिनवर हे चुकूनही करू नका. त्या लाइनमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि ती धार कातडी फोडून आत घुसते. अशी जखम बारीक टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. ती गाडी स्कॅनरवरच तपासायची.

टॅपेटबद्दल इथेच सांगतो, कारण मिस मारणाऱ्या गाडीत ते तपासायचं बऱ्याचदा राहून जातं. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये थोडा गॅप ठेवलेला असतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत गेला की तो गॅप कमी होतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, पण घट्ट टॅपेट आवाज करतच नाही. फीलर गेजने, कंपनीने दिलेल्या मापावर आणि सांगितलेल्या गरम-थंड अवस्थेतच गॅप लावा. अंदाजाने नको.

रॉकेल आणि टू-टी ऑइल. इनलाइन पंपाचे प्लंजर आणि नोजलची सुई यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. रॉकेल पातळ आणि कोरडं असतं, म्हणजे जो पंप वाचवायचा त्याचीच झीज वाढते. टू-टी ऑइल पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी बनलेलं आहे. त्याने नोजलच्या टोकावर घट्ट बसलेला कार्बन निघत नाही. असा कार्बन बसतो तो यार्डात किंवा कारखान्याच्या रांगेत तासन्‌तास स्लोवर गाडी चालू ठेवल्यामुळे. रांगेत इंजिन बंद ठेवा, डिझेलही वाचेल.

स्लो वाढवला की थरथर जाते हे खरं आहे, पण दोष जात नाही, फक्त दिसेनासा होतो. मेलेला सिलिंडर मेलेलाच राहतो आणि त्यात न जळलेलं डिझेल रिंगांपाशी वंगण धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर गाडी उभी करा.

इथेनॉलची गोष्ट आपल्याकडे पटकन पटते, कारण जिल्हा साखर कारखान्यांचा आहे आणि डिस्टिलरीही इथेच आहेत. पण ते २० टक्के इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये ते नसतं. डिझेलमध्ये खरा त्रास असतो तो पाण्याचा. रात्री अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की वाफ धरते, पावसाळ्यात जास्त. फिल्टरच्या ड्रेन प्लगमधून काचेच्या बाटलीत डिझेल काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. काळपट बुळबुळीत गाळ आला तर टाकी उतरवून धुवायला हवी, नाहीतर नवा फिल्टर पुन्हा पंधरवड्यात बुजेल.

राहिलं ते ‘जुनी गाडी थरथरणारच’. वीस वर्षांची सहा सिलिंडर गाडी स्लोवर शांत उभी राहू शकते. केबिन हादरतेय पण इंजिनचा ठेका एकसारखा आहे, अशी तक्रार असेल तर आधी फाउंडेशनची रबरं (इंजिन चासीवर ज्यांवर बसतं ती) बघा. ती दबली किंवा फाटली की सगळी थरथर चासीत उतरते आणि बिचाऱ्या इंजिनाला बोल लागतो. हे सगळं तपासूनही एखादा सिलिंडर मेलेलाच असेल, ब्रीदरमधून (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फकफक धूर येत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर निघत असेल, तर कॉम्प्रेशन गेज लावून सहाही सिलिंडरचे आकडे घ्या. एकच कमी असेल तर त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह-सीटपासून सुरुवात करा. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर त्या दोघांमधलं हेड गॅस्केट. आणि सहाही पडलेले असतील, तर बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं) काम निघालं, त्यासाठी मात्र गाडी मशीन शॉपला न्यावीच लागेल.