सोडलं की सुटलं

मासे धरायच्या काठीला लावायचं ते रील मी घेतलं कारण ते फिरत होतं. विकणाऱ्याने हातात धरून ड्रमला नुसती टिचकी मारली आणि ते जे गरगर फिरायला लागलं ते थांबेचना. आवाज नाही, डुगडुगणं नाही. आम्ही दोघं बोलणं सोडून बघत राहिलो, मधे त्याला कुणाचातरी फोन आला, त्याने घेतला, बोलून ठेवला, तरी ड्रम आपला फिरतोच आहे. आता फिरणारी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो अशातला भाग नाही, घरी पंखा आहे. पण भाळलेल्या माणसाला पंखा आठवत नाही.

सेंटरपिन रील म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक, त्यांच्यासाठी सांगतो. मधे एक पोलादी पिन, तिच्यावर लाईन म्हणजे गळाची दोरी गुंडाळायचा एक ड्रम, ड्रमला दोन छोट्या मुठी. संपलं. गिअर नाही, लाईनला अडवून धरणारा ड्रॅग नाही, मूठ एकदा फिरवली की ड्रम एकदाच फिरतो. आणि सोडलं की सुटलं. असली रीलं इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या बाजूला आधी लाकडाची बनायची, कारण तिथल्या ट्रेंट नदीत फ्लोट, म्हणजे लाईनवरचा तरंगता तुकडा, प्रवाहाबरोबर लांब लांब वाहू द्यायची लोकांना सवय होती, आणि त्यासाठी आपोआप लाईन देणारं रील लागतं. मग धातूची आली. 'ऑलकॉक एरियल' हे नाव घेतलं की जाणकार लोक डोळे मिटतात, त्याच्या ड्रमला सायकलच्या चाकासारखे स्पोक असतात आणि ते 1890च्या दशकातलं डिझाईन आहे. ऑलकॉकचा कारखाना रेडिचला, म्हणजे जिथे आधीपासून सुया आणि गळ बनत होते त्याच गावात, यंग कंपनीची 'ट्रुडेक्स' आणि 'रॅपिडेक्स' रीलंही त्याच गावातली. माझ्या रीलच्या पाठीवरचं नाव झिजून गेलंय. बरंच झालं, नाहीतर त्या बिचाऱ्यांची उगाच बदनामी झाली असती.

पहिल्या दिवशी नदीवर गेलो. नेहमीच्या सवयीने काठी मागे नेली आणि सपकन पुढे मारली, जशी साध्या रीलवर मारतो तशी. साध्या म्हणजे फिक्स्ड स्पूल, ज्यात लाईन गुंडाळलेलं स्पूल गप्प बसून राहतं आणि लाईन त्याच्या तोंडावरून वेटोळ्या वेटोळ्यांनी सुटते. त्याचं पेटंट इलिंगवर्थ नावाच्या माणसाने 1905 साली घेतलं, आणि हा माणूस कापडाच्या धंद्यातला, म्हणजे सूत बॉबिनवरून कसं सुटतं ते त्याने रोज बघितलेलं. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे मला त्या दिवशी पुढच्या दीड सेकंदात कळलं.

झालं काय की फ्लोट उडाला, त्याने ड्रमला हिसका दिला, ड्रम सुटला. इथपर्यंत ठीक. मग फ्लोट हवेत मंदावला, कारण तो पिसाएवढा हलका आणि हवा त्याला अडवते. ड्रमला कोण अडवणार? ज्या फिरण्यावर मी भाळलो होतो तेच फिरणं आता माझ्या डोळ्यांसमोर लाईन ओकत होतं आणि ती लाईन घ्यायला पुढे कुणीच नव्हतं, म्हणून ती ड्रमभोवतीच उलटसुलट फुगली, थोडी ड्रमच्या मागे पिनपर्यंत गेली, थोडी मुठींना अडकली, आणि फ्लोट माझ्या पायापासून चार हातांवर पडला. इंग्रज लोक याला पक्ष्याचं घरटं म्हणतात. पक्ष्यांवर अन्याय आहे हा. घरट्याला निदान काही आकार असतो.

तो गुंता सोडवायला पाऊण तास लागला. गुंता ओढायचा नसतो, सैल करत जायचा असतो, हे मला माहीत आहे आणि तरी मी ओढतो.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे, त्यांच्याकडेही सेंटरपिन, आणि त्यांचा फ्लोट असा जायचा की जणू कुणी हातात धरून नेऊन ठेवतंय. तीन-चार दिवस ते काहीच बोलले नाहीत, नुसते बघत होते (हे जास्त वाईट). मग एक दिवस म्हणाले, "अरे, काठीने नको फेकूस. डाव्या हाताने फिरव."

"काय फिरवू काका?"

"ड्रम. लाईन ओढून."

याला वॉलिस कास्ट म्हणतात, नॉटिंगहॅमच्याच एका वॉलिस नावाच्या गळवाल्याच्या नावावरून. उजव्या हातात काठी, डाव्या हाताने रील आणि काठीवरच्या पहिल्या कडीच्या मधली लाईन धरायची, काठी हळू झुलवायची आणि त्याच वेळी डावा हात बाहेर खेचायचा, म्हणजे ड्रमला आपण आधीच गती देतो, फ्लोटला ती हिसकून घ्यावी लागत नाही. मग डावा हात लाईनबरोबर पुढे सोडून द्यायचा आणि फ्लोट पाण्याला टेकायच्या जरा आधी ड्रमच्या कडेला बोट लावायचं. हलकं. ऐकायला सोपं आहे, ऐकायला पोहणंही सोपं असतं. माझे दोन्ही हात एकमेकांशी बोलत नाहीत. डावा खेचतो तेव्हा उजवा थांबून बघतो काय चाललंय ते, आणि उजवा झुलतो तोवर डाव्याने लाईन सोडून दिलेली असते. घरी बैठकीच्या खोलीत गळाशिवाय सराव केला, त्यात फ्लोट पडद्याच्या वर जाऊन बसला आणि बायको म्हणाली, "तिथे मासे आहेत का?"

मग मी सोप्या मार्गाला लागलो. कड्यांच्या मधून बोटांनी लाईनचे दोन-तीन फास ओढून धरायचे, फ्लोट झुलवायचा आणि फास सोडून द्यायचे, ड्रम हलतच नाही. दहा मीटरपर्यंत छान जमतं. काकांनी बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले.

पण एक गोष्ट खरी सांगतो, फ्लोट एकदा पाण्यात पडला की मग या रीलसारखं दुसरं काही नाही. प्रवाह ओढतो, ड्रम फिरतो, लाईन सरळ सुटत राहते, तुमचं बोट कडेवर. जरा दाबलं की फ्लोट अडखळतो आणि खालचं आमिष पुढे होऊन वर उचललं जातं, आणि बरेचदा मासा नेमका तेव्हाच घेतो. पतंगाला ढील देताना बोटाला जे कळतं ना, तसं. इथे मात्र तेल जरा जास्त झालं किंवा वाळूचा एक कण पिनपाशी गेला तरी सगळी मजा गेली. मी पहिल्यांदा हौसेने ग्रीस भरलं होतं, त्या दिवशी ड्रम सरकारी फाईलसारखा चालला. शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर. आणि फ्लोट पंचवीस मीटर खाली गेला की परत आणायला? साडेचार इंची ड्रम असला तरी एका फेऱ्यात जेमतेम फूटभर लाईन येते, म्हणजे ऐंशी फेरे. जाणकार मूठ धरतच नाहीत, तळव्याने ड्रमच्या कडेला चापट्या मारून तो पळवतात. मी मारली ती मुठीलाच बसली. करंगळी अजून दुखते.

मासा लागला त्या दिवशी अर्थातच गुंता झालेला होता. मी रील काठीवरून काढून मांडीवर घेतलं होतं, चष्मा कपाळावर, काठी टेकवलेली आणि फ्लोट टोकाखाली कडेच्या संथ पाण्यात असाच सोडलेला. काठी सरकायला लागली. मी एका हाताने काठी धरली, दुसऱ्याने लाईन, रील मांडीवरून चिखलात पडलं, आणि मी विहिरीतून बादली काढावी तशी हाताने लाईन ओढत सुटलो. पायाभोवती लाईन, तोंडात लाईन, पण मासा आला. वीतभरापेक्षा मोठा होता, नक्की.

काका पलीकडून उठून उभे राहिले. "सेंटरपिनवर काढलास?"

"हो काका!"

मग मी रील चिखलातून उचललं, पुसलं, गुंत्याची बाजू खाली करून माशाशेजारी ठेवलं आणि काका इकडे यायच्या आत घाईघाईने फोटो काढला.