इगतपुरीला बदलायचं ते फक्त इंजिन : भुसावळकर काकांना उत्तर

भुसावळकर काका, सादर नमस्कार.

‘सरहद्दीवरचे लाल दिवे’ या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, तिसऱ्यांदा अर्धी पटली, म्हणून उत्तराला पंधरवडा लागला.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काका रेल्वेतून लोको इन्स्पेक्टर, म्हणजे ड्रायव्हरांवर देखरेख करणारे वरिष्ठ, म्हणून निवृत्त झालेत. मी लेखात जरा फुशारकीनेच लिहिलं होतं की युरोपियन युनियनच्या कायद्यांनी इथली, युरोपातली रेल्वे सुरक्षित केली आणि सरहद्दी पुसल्या. त्यावर काका म्हणतात, सुरक्षा रुळावर असते, ब्रुसेल्सच्या (म्हणजे युनियनच्या मुख्यालयातल्या) फायलीत नसते. स्पेनचा आणि ग्रीसचा अपघात याच कायद्यांच्या राज्यात झाला, मग कायद्यांनी केलं काय? एकसंध रेल्वे यांनीच धंद्यासाठी फोडली आणि आता तुकडे सांधायला कागद रंगवतात. शिवाय माझी एक ढळढळीत चूकही त्यांनी पकडली आहे.

चूक आधी निस्तरतो. युरोपची रेल्वे एजन्सी, म्हणजे फ्रान्समधल्या व्हॅलेन्सिएनला मुख्यालय असलेली ईआरए, अपघातांची चौकशी करते असं मी लिहून बसलो होतो. ती करत नाही. चौकशी त्या त्या देशाची स्वतंत्र तपास यंत्रणा करते. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता रेल्वे फोडल्याचा मुद्दा. यात तुमचं खरं आहे आणि ते मी लेखात शिताफीने टाळलं होतं. १९९१ च्या ९१/४४० या निर्देशाने (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा युनियनचा कायदा) रूळ सांभाळणाऱ्याचा आणि गाडी चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा करायला लावला. हेतू धंद्याचाच होता; माल ट्रककडे पळत होता, तो परत आणायचा होता. रेल्वे सुरक्षेचा पहिला मोठा निर्देश, २००४/४९, आला तेरा वर्षांनी. आधी वाटण्या झाल्या आणि विहीर कोणाची, बांध कोणाचा हे मागाहून ठरलं.

पण युरोपची रेल्वे ‘एकसंध’ होती हे मात्र मान्य नाही. एकेका देशापुरती होती, सरहद्दीवर कधीच नव्हती. तुमच्या ओळखीचंच ठिकाण घेऊ. इगतपुरी. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसीवर आलेलं इंजिन तिथे सुटायचं आणि भुसावळकडे नेणारं एसीचं लागायचं. लहानपणी आम्ही तेवढ्या वेळात खाली उतरून वडा खायचो. इथे नेदरलँड्समध्ये आल्यावर अॅमस्टरडॅमहून बर्लिनला पहिल्यांदा निघालो तेव्हा जर्मन हद्दीतल्या बाड बेंटहाइमला गाडी थांबली. पिवळं डच इंजिन सुटलं, लाल जर्मन इंजिन लागलं. इथेही अलीकडे १५०० व्होल्ट डीसी, पलीकडे १५ हजार व्होल्ट एसी. मला हुबेहूब इगतपुरी आठवली, वडा सोडून.

फरक नंतर नोकरीत कळला. इगतपुरीला बदलायचं ते फक्त इंजिन. ड्रायव्हरच्या पेटीतलं नियमांचं पुस्तक दोन्हीकडे तेच, सिग्नलचा अर्थ तोच, चुकलं तर कानउघाडणी करणारा साहेबही त्याच खात्याचा. बाड बेंटहाइमला सिग्नल बदलतो, गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बदलते, भाषा बदलते, ड्रायव्हरला पास करणारं कार्यालय बदलतं. पॅरिस, ब्रुसेल्स, कोलोन, अॅमस्टरडॅम अशी धावणारी थॅलिस गाडी बांधली तेव्हा तिच्यात गाडी रोखणाऱ्या सात वेगवेगळ्या प्रणाली कोंबाव्या लागल्या. हे सांधे ब्रुसेल्सने पाडले नाहीत, आधीपासून होते. १९९१ नंतर त्यांत देशादेशांच्या आतल्या नव्या सांध्यांची भर पडली, ते पाप ब्रुसेल्सचं.

आता फायलींकडे. ‘सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम’, म्हणजे धोके ओळखून ते कसे हाताळायचे याची कंपनीची लेखी व्यवस्था; या नावाला तुम्ही हसलात. मीही हसायचो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मालवाहतूक कंपनीच्या धोक्यांच्या यादीचं परीक्षण करायला बसलो होतो, कंपनीचं नाव राहू दे. एका रकान्यात धोका लिहिलेला : ‘तीव्र वळणाआधी वेग कमी न होणे.’ शेजारी उपाय : ‘चालकाने दक्ष राहावे.’ शेवटच्या रकान्यात हिरवा रंग, म्हणजे धोका आटोक्यात. माझ्या शेजारी बसलेली ज्येष्ठ डच बाई काही बोलली नाही, तिने पेन्सिलने त्या हिरव्या चौकोनावर फुली मारली आणि पान उलटलं.

ती फुली म्हणजे काय ते स्पेनमधल्या सॅंटियागोच्या अपघाताने दाखवलं. २४ जुलै २०१३, आंग्रोइसचं वळण, वेगमर्यादा ताशी ८० किमी, गाडी १७९ ने वळणावर. ८० माणसं गेली. ड्रायव्हर त्याआधी फोनवर होता आणि फोन गाडीतल्याच तिकीट तपासनिसाचा, कामाचा होता. ‘ड्रायव्हरची चूक, कायदा काय करणार’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून पुढचं सांगतो. मूळ आराखड्यात वेगावर सतत पहारा ठेवणारी युरोपीय प्रणाली थेट स्टेशनापर्यंत होती. पुढे आराखडा बदलला आणि ती वळणाच्या काही किलोमीटर अलीकडेच संपली. त्या जातीच्या गाड्यांमधली यंत्रणाही बिघाडांमुळे बंद ठेवलेली. ताशी २०० वरून ८० वर यायचं ते एका माणसाच्या ध्यानावर. आणि काका, डिसेंबर २०११ मध्ये, मार्ग सुरू झाला त्याच महिन्यात, ड्रायव्हरांच्या एका वरिष्ठाने या वळणाचा धोका लेखी कळवला होता. म्हणजे हुद्द्याने तुमच्यासारख्याच माणसाने.

त्या कागदाचं पुढे काही झालं नाही. अपघातानंतर मात्र वेग तपासणारे बीकन (रुळांवरची संकेत देणारी उपकरणं) तिथे लगोलग बसले.

हा कायद्याचा पराभव म्हणायचा? माझ्या मते असं पत्र आलं की ते कोणाच्या टेबलावर जायचं, कोणी उत्तर द्यायचं आणि उत्तर न देणारा कोण हे ठरवून ठेवणं म्हणजेच ती सिस्टिम. आज २०१६/७९८ हा निर्देश लागू आहे. काही महत्त्वाचं बदलायचं असेल, समजा एखादी प्रणाली अलीकडेच संपवायची असेल, तर धोक्याचं मूल्यमापन कसं करायचं आणि ते बाहेरच्या तज्ज्ञांकडून कसं तपासून घ्यायचं याची पद्धत ४०२/२०१३ या नियमावलीत बांधून दिली आहे. कायदा असूनही स्पेनमध्ये चौकशी कशी झाली? ज्यांच्याकडे बोट जाऊ शकत होतं त्याच संस्थांशी संबंधित माणसं तपासात होती. २०१६ मध्ये ईआरएनेच सांगितलं की हा तपास निर्देशाला अपेक्षित असा स्वतंत्र नव्हता. ब्रुसेल्सची फाइल नसती तर हे कोणत्या तराजूत तोलून सांगितलं असतं?

(आपल्याकडे रेल्वे अपघातांची चौकशी करणारे कमिशनर ऑफ रेल्वे सेफ्टी रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत, हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. या बाबतीत आपण फार आधी शहाणे होतो.)

ग्रीसबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री लारिसाहून निघालेली प्रवासी गाडी रूळ बदलणारा सांधा चुकीचा राहिल्याने समोरून येणाऱ्या मालगाडीच्या रुळावर गेली. दोन्ही गाड्या एकाच रुळावर सुमारे बारा मिनिटं समोरासमोर धावत होत्या. ५७ जण गेले. बारा मिनिटं, काका! गाड्या कुठे आहेत ते दाखवणाऱ्या पॅनेलवर कोणाला तरी दिसायला हवं होतं, पण ज्यावर दिसलं असतं ती सिग्नल आणि दूरनियंत्रणाची यंत्रणा पुरी झालेली नव्हती. तिचं कंत्राट २०१४ चं, मुदत दोन वर्षांची, आणि पैशांत युरोपियन युनियनचाही वाटा. रूळ सांभाळणारी कंपनी आणि सरकार यांच्यात जो करार हवा तो नाही, म्हणून युरोपियन कमिशनने ग्रीसला युरोपच्या न्यायालयात खेचायचं ठरवलं, तेही अपघाताच्या दोनच आठवडे आधी. चालती स्वतंत्र तपास यंत्रणा नव्हती, ती अपघातानंतर उभी राहिली. निर्देश २००४ चा आणि यंत्रणा २०२३ ची. इथे कागदही उशिरा धावला आणि त्यामागे रूळही. ब्रुसेल्स नोटिसा पाठवू शकतं, स्टेशन मास्तरच्या शेजारी दुसरा अनुभवी माणूस बसवू शकत नाही.

तरी एक अपघात असा आहे की तिथे तुमचा ‘एकच साहेब’ मला सापडत नाही. इटलीतलं व्हियारेज्जो, २९ जून २००९. गॅसच्या टाक्यांची मालगाडी, एका वॅगनचा अॅक्सल मोडला, टाकी फुटली, गॅस शेजारच्या घरांत शिरला आणि पेटला. ३२ मेले, बरेचसे घरात झोपलेले. गाडी चालवणारी कंपनी इटलीची, वॅगन परदेशी मालकाकडून भाड्याने घेतलेली, अॅक्सल तपासलेला जर्मनीतल्या कारखान्यात. तडा आधीपासूनच होता. तुमच्या काळच्या पद्धतीने साहेबाला बोलवायचं म्हटलं तर कुठल्या देशातल्या?

यावरचं उत्तर कंटाळवाणं आहे, म्हणून कोणी लेख लिहीत नाही. प्रत्येक वॅगनच्या देखभालीला एक जबाबदार संस्था नावानिशी नोंदलेली पाहिजे. कल्पना २००८ च्या शेवटी कायद्यात आली होती, मालवॅगनसाठी त्या संस्थांनी प्रमाणपत्र घेण्याची सक्ती २०११ च्या नियमावलीने आली आणि २०१९ मध्ये ती मालवॅगनांच्या पलीकडे वाढवली. आज अनोळखी वॅगन माझ्या गाडीला लागली तर तिच्या क्रमांकावरून देखभाल कोणाकडे आहे ते मी काढू शकतो. आधीच्या पिढीला दोन-तीन देशांत फोन फिरवावे लागायचे. सुरक्षेचं कौतुक करायचं तर मी एवढ्या एका गोष्टीचं करेन.

आता तुमच्या बाजूने माझ्याकडून थोडी भर. भाषेचं बघा. २००७ च्या निर्देशानुसार ड्रायव्हरला ज्या देशाच्या रुळावर गाडी न्यायची त्या देशाची भाषा बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत यावी लागते. ऐकायला रास्त. १२ ऑगस्ट २०१७ ला जर्मनीत राश्टाटजवळ चालू मार्गाखाली बोगदा खणताना वरचे रूळ खचले. ऱ्हाइनच्या खोऱ्यातला मुख्य मार्ग, रोजच्या दोनेकशे मालगाड्या, २ ऑक्टोबरपर्यंत बंद. नदीपलीकडे फ्रान्समध्ये रूळ होते, जागाही होती. फ्रेंच येणारे ड्रायव्हर पुरेसे नव्हते! दुसऱ्या देशात जाणाऱ्या वैमानिकाला तिथली भाषा शिकावी लागत नाही, त्याच्यासाठी इंग्रजी आहे. रेल्वेवाल्याने मात्र सात आठवडे नदीपलीकडे बघत बसायचं. २०१९ मध्ये दुरुस्ती करून भाषेच्या अटीला पर्याय आजमावायला परवानगी दिली. परवानगी कसली, प्रयोगाची.

आणि स्वित्झर्लंड. युनियनचा सदस्य नाही, पण बरेचसे नियम पाळतो. १० ऑगस्ट २०२३ ला गॉटहार्डच्या ५७ किलोमीटरच्या बोगद्यात मालगाडीच्या चाकाचा तुकडा उडाला आणि डबे घसरले. बोगदा पूर्ववत व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडलं. ईआरएच्या व्यासपीठावर सगळ्या देशांनी मिळून चाकांबद्दल उपाय सुचवले. स्विस अधिकाऱ्यांना ते पुरेसे वाटले नाहीत, त्यांनी २०२५ मध्ये आपले वेगळे, कडक नियम जाहीर केले. युरोपभरच्या वॅगनमालकांनी ओरड केली की असं प्रत्येकाने केलं तर एकसूत्रीपणा राहिला कुठे. माझा पेशा मला वॅगनमालकांच्या बाजूला उभं करतो. पण ज्याच्या घरात चाक फुटलं त्याने शेजाऱ्यांच्या एकमताची वाट बघायची का, याला माझ्याकडे नीट उत्तर नाही. तुमचं ऐकायला आवडेल.

एक राहिलं. तुम्ही विचारलं होतं की इथे मालगाडीला गार्ड असतो का. नसतो, ड्रायव्हर एकटा. शेवटच्या वॅगनवर काही देशांत लाल दिवे लागतात, बाकी ठिकाणी चकाकणाऱ्या पाट्या चालतात. आल्प्समधल्या ब्रेनरला दिवे लावण्याचा नि काढण्याचा जो खेळ वर्षानुवर्षं चालायचा, मागचा लेख त्याबद्दलच होता. आपल्याकडे शेवटच्या डब्याला ‘एल.व्ही.’ची (लास्ट व्हेइकल) पाटी आणि रात्री लाल दिवा, तो दिवा विझलेला दिसला की केबिनमधला माणूस गाडी पूर्ण आली असं धरत नसे, हे मी ऐकून आहे. तुम्ही ते प्रत्यक्ष अनुभवलं असेल. मग गाडी कुठे थांबवायचे, पुढच्या स्टेशनला कोण कळवायचं, आणि मागचा सेक्शन कोण कोणाच्या शब्दावर मोकळा करायचं? सविस्तर लिहा.