नळाला पाणी नाही, मग परदेशाशी संबंध कशाला?

छत्रपती संभाजीनगरात परदेशी शिष्टमंडळ आलं, की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि महापालिका निघाली परदेशाशी मैत्री करायला. ते काम दिल्लीचं. लेणी सोडून आपल्याकडे दाखवायला आहे काय. पाहुणे येतात, जेवतात, फोटो काढून जातात, शहराच्या हाती भोपळा. पाण्यावरचा राग रास्त आहे. बाकीची मांडणी चुकीची आहे, आणि ती आपण खरी मानली तर नुकसान आपल्याच पोराबाळांचं आहे.

आधी दिल्ली. परराष्ट्र व्यवहार केंद्राच्या यादीत आहेत आणि परदेशी शहराशी करार करायचा तर परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते, हे खरं. पण प्रस्ताव शहरानेच न्यायचा असतो. मुंबई आणि लॉस एंजेलिस १९७२ पासून भगिनी शहरं आहेत, पुणे आणि सॅन होजे १९९२ पासून. राज्यांना परदेशाशी व्यवहार सोपे जावेत म्हणून २०१४ साली मंत्रालयाने स्वतंत्र विभागच उघडला. शेंद्रा-बिडकीन या आपल्या औद्योगिक पट्ट्याची बाजू मांडायला दिल्लीतून आपणहून कुणी उठणार नाही.

पाण्याचं म्हणाल, तर जायकवाडीवरून येणारी नवी योजना २,७४० कोटींची आहे. एका शिष्टमंडळाचा पाहुणचार वाचवून त्यातली एक किलोमीटर मुख्य जलवाहिनीही पडायची नाही. शिवाय कारखाना टाकायला आलेला परदेशी माणूस पाण्याची चौकशी आधी करतो. ज्याला नळाला रोज पाणी हवंय आणि ज्याला परदेशी गुंतवणूक हवीय, ते दोघे एकाच बाजूचे आहेत.

‘लेणी सोडून काय’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी मार्गवर्णनात पैठण आणि तेर ही आपली दोन गावं नावानिशी आहेत. पैठणचे मौल्यवान दगड आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून पश्चिमेकडे. तेरच्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही बघायला मिळतात. आपल्यापैकी किती जण तिथे गेलेत? हे शहर खडकी म्हणून १६१० साली वसवलं मलिक अंबरने. तो मूळचा इथिओपियाचा, आणि नहरींनी, म्हणजे जमिनीखालच्या कालव्यांनी, शहराला पाणी देण्याचं काम त्याच्याच काळात उभं राहिलं. पाणचक्कीला ज्यांचा दर्गा आहे ते बाबाशाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गावचे. इथिओपिया आणि उझबेकिस्तान या दोन देशांच्या राजदूतांना सन्मानाने बोलावण्याजोगं एवढं आपल्या गल्लीत आहे! २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी गेले, तेही मराठवाड्यातूनच.

आणि आजचं बघा. शेंद्र्याला झेक प्रजासत्ताकातली स्कोडा २००१ पासून गाड्या बनवतेय. कोरियाची ह्योसंग, युरोपातली लिबहेर तिथेच आहेत. उलट बाजूने, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या, इथे वाढलेल्या एन्ड्युरन्सचे कारखाने इटली आणि जर्मनीत चालतात. वाळूजच्या कामगाराला परदेशी बाजार हा शब्द नवा नाही.

शेवटचा मुद्दा ‘हाती भोपळा’. अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि पर्यटनाच्या सोयींसाठी जपानने १९९० च्या दशकापासून दोन टप्प्यांत कर्ज दिलं. जपानी वित्तसंस्था पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक महामार्गिकेच्या कंपनीत भागीदार झाली. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक ही औद्योगिक नगरी त्याच प्रकल्पाचा भाग. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार केला. एकातून दुसरं निघालं असं म्हणणं उतावीळपणाचं होईल. पण तीस वर्षांची ओळख असलेल्या देशाशी बोलणी करणं सोपं जातं, हे कुठलाही व्यापारी सांगेल.

त्याच जपानी कर्जातून अजिंठ्याच्या पायथ्याशी उभं राहिलेलं अभ्यागत केंद्र मात्र पाणी आणि विजेच्या थकबाकीपायी बंद पडलं. संदेश पाठवणारे हे उदाहरण देतात, आणि ते द्यायलाच हवं. पण त्यात परदेशी संबंधांचा दोष कुठे आहे? बांधून झाल्यावर ते चालवायची जबाबदारी इथे कुणी मनापासून घेतली नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० ची महिला परिषद इथे भरली, तेव्हा रस्ते चकाचक झाले. त्या प्रतिनिधींतल्या किती जणींना नंतर इथून एखादं पत्र गेलं, पैठणीच्या विणकर बायांशी किती जणींची गाठ घालून दिली, हे नागरिकांनी जरूर विचारावं.

तेव्हा राग असा वळवू या: महापालिकेत या कामासाठी कायमची चार माणसं नेमा, त्यांत जपानी आणि कोरियन बोलणारं निदान एक असू द्या, मसिआ आणि सीएमआयए या उद्योजक संघटनांना आणि विद्यापीठाला सोबत घ्या, आणि प्रत्येक शिष्टमंडळामागे किती खर्च झाला, पुढे काय झालं, हे दर वर्षी जाहीर करा.